दैत्याच्या नळीचा काप

पळसोंड्याच्या जत्रेत गेल्या वर्षी प्रवीणचा जबडा तीन ठिकाणी मोडला, तेव्हा जत्रा बेताचीच झाली असं गावाचं मत पडलं. आदल्या वर्षी कवटी होती.

पळसोंडे हे गाव कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या शिवेवर, डोंगराला पाठ लावून बसलेलं आहे. वर वरची आळी, खाली खालची आळी, आणि मधे गावदेवीचं देऊळ, म्हणजे भांडायची जागा. देवीच्या पायाशी एक हाड आहे. कोळशासारखं काळं, तीन हात लांब, चार गड्यांनी उचलावं इतकं जड, आणि मध्यावर एक टेंगूळ असलेलं. गाव त्याला दैत्याची नळी म्हणतं. फार पूर्वी हा दैत्य गावावर चालून आला. वरच्या आळीच्या मूळपुरुषाने त्याच्या नडगीवर कुऱ्हाड घातली. टेंगूळ ही त्या घावाची खूण. दैत्य गडगडत खाली आला आणि खालच्या आळीच्या मूळपुरुषाने त्याच संध्याकाळी त्याचा गळा चिरला. दैत्य मेला कुणाच्या हातून, हे मात्र ठरायचं राहिलं.

ते दर चैत्री पुनवेला, ऊन कलल्यावर, देवळापुढे ठरतं. दोन्ही आळ्यांचा एकेक गडी समोरासमोर उभा राहतो. हातात तीन हात लांब खैराचा दांडका. पहिला घाव वरच्या आळीच्या पूर्वजाचा, म्हणून पहिला दांडका वरच्या आळीचा. ज्याला मारायचं त्याने हलायचं नाही. तो उभा राहिला तर दुसरा दांडका त्याचा. पडला तर त्याच्या रक्ताचं एक बोट नळीला लावायचं आणि त्याला टेंपोत घालायचं. गेल्या चाळीस वर्षांत दुसरा दांडका मारण्याइतका खालच्या आळीचा कुणी शुद्धीवर राहिला नव्हता. हक्क दोघांना सारखेच होते. एका बाजूला ते बजावायला सवड मिळत नव्हती.

आणखी एक नियम होता. पडला त्याच्या घराची पाळी संपली. उभा राहिला तो पुढच्या वर्षीही उभा. त्यामुळे खालच्या आळीची सत्तावीस घरं आळीपाळीने मार खात, आणि वरच्या आळीकडून सात वर्षं एकटा कमळ्याच उभा राही. कमळ्या साजगावला लोखंडाच्या कारखान्यात सळ्यांचे भारे उचलायचा. डोकं कुठे संपतं आणि खांदे कुठे सुरू होतात हे कळावं म्हणून त्याने मधे ताईत बांधला होता. स्वभावाने गरीब. ज्याला पाडलं त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी संत्री घेऊन जाई, आणि शुद्ध आली नसेल तर सालं काढून ठेवून येई.

यंदाचा पाळीचा नारळ शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी शेलूला, तिसऱ्या मजल्यावर, विलास घारे यांच्या दारात आला. आणणारा प्रवीण. त्याचा जबडा जुळला होता, पण बोलणं डाव्या बाजूने बाहेर पडत होतं.

"विलासदादा, औंदा तुमचं घर," तो म्हणाला. "कमळ्यानं इचारलंय, संत्री चालतात ना तुमाला?"

विलास एकसष्ट वर्षांचा होता. वजन बावन्न किलो, त्यात चष्मा धरलेला. त्याच्या बायकोने, छायाने, नारळ हातात घेऊन हलवून पाहिला.

"नाही म्हणून सांगा," ती म्हणाली.

"नाही म्हटलं तर घर बाद होतं," विलास म्हणाला. "मग गावातल्या कुणाच्या मयताला जाता येत नाही."

"तुमच्या मयताला ते येतील का? तेवढं विचारून घ्या."

विलासला नाही म्हणता आलं असतं. पण सत्तावीस वर्षांपूर्वी याच घराची पाळी आली तेव्हा त्याचा बाप, नामा, उभा राहिला होता. तरणाताठा विलास त्या दिवशी मुंबईला होता. नोकरीच्या कॉलेजात परीक्षा आहे, रजा मिळत नाही, असं त्याने कळवलं होतं. परीक्षा पुढच्या आठवड्यात होती. नामा त्यानंतर अकरा वर्षं जगला. डोक्यावर चार बोटं रुंद खळगा घेऊन जगला, डाव्या कानाने ऐकायचा थांबला, आणि विलास समोर आला की विचारायचा, "पाव्हणं कुठलं?" हे विलासला दर पुनवेला आठवे. त्याने नारळ देवापुढे ठेवला आणि जिवंत कसं राहता येईल याचा विचार करू लागला.

विचार करायला त्याच्याकडे एकच हत्यार होतं. मुंबईच्या एका कॉलेजात, भूगर्भाच्या विभागात, त्याने एकतीस वर्षं दगडांचे पातळ काप काढले होते. दगडाची चकती कापायची, काचेच्या पट्टीला चिकटवायची, आणि दुसऱ्या मोठ्या काचेवर पूड-पाणी घालून बोटांच्या दाबाने घासत राहायचं, ती केसाइतकी पातळ होईपर्यंत. मोजायला यंत्रं होती, पण विलास वर्तमानपत्र वापरी. काप छापील मजकुरावर ठेवायचा. अक्षरं वाचता आली की थांबायचं. जरा जास्त घासलं की दगड पाण्याबरोबर निघून जातो आणि साहेबाला रिकामी काच दाखवावी लागते. विलासने रिकामी काच एकतीस वर्षांत दोनदाच दाखवली. पुढे जुन्या प्राण्यांची हाडंही येऊ लागली, आणि निवृत्त झाल्यावरही नागपूरच्या प्राची मॅडम कुरियरने त्याच्याकडे तुकडे पाठवत होत्या. बाल्कनीत त्याने काच मांडली होती. भंगारात काढलेला विभागाचा जुना मायक्रोस्कोप कपाटावर, छायाच्या पापडांच्या डब्याशेजारी होता.

देवीच्या पायाशी पडलंय ते डायनासोरचं हाड आहे, हे त्याला नोकरीच्या तिसऱ्याच वर्षी कळलं होतं. आपल्या काळ्या कातळात असं हाड मिळत नाही. गावातला कुणी तरी नागपूरकडे रेल्वेच्या खोदाईला गेला असेल आणि येताना घेऊन आला असेल. विलासने हे कुणाला सांगितलं नव्हतं. दैत्य म्हणा की डायनासोर, दांडका खैराचाच.

पाया पडायला म्हणून तो गावात गेला. देवीसमोर वाकला आणि नजर टेंगळावर गेली. लहानपणापासून शंभरदा पाहिलेलं टेंगूळ. पण या वेळी स्वतःच्या डोक्याची किंमत त्याला ठाऊक असल्यामुळे त्याने नीट पाहिलं.

"चंद्राबाई," तो पुजारणीला म्हणाला, "मेल्याचं हाड सुजत नाही."

चंद्राबाई ऐंशीच्या पुढची होती. देऊळ, नळी, जत्रा आणि दोन्ही आळ्यांचा उद्धटपणा ती एकटी सांभाळत होती.

"म्हंजी?"

"मोडलेलं हाड जुळताना भोवती गाठ धरतं. त्याला वेळ लागतो, आणि मुख्य म्हणजे जीव लागतो. दैत्य त्याच संध्याकाळी मेला असता तर हे टेंगूळ आलंच नसतं."

चंद्राबाईने त्याच्याकडे आणि मग नळीकडे पाहिलं. "तुला तुजं डोस्कं वाचवायचं हाय," ती म्हणाली.

"हो."

"बरं हाय. खोटं तरी बोलत नाय. काय पायजे?"

"एक फोड. टेंगळापासून, बोटभर रुंद."

"दुखंल का रं त्याला?"

"आता नाही दुखायचं."

"मग ने. पर देवीसमोरच काप. ह्या नळीपायी कुनावर इस्वास नाय, माज्यावरबी नाय."

खोपोलीहून याकूबभाई आला. ओट्याचे कडप्पे आणि कबरींचे दगड कापण्यात त्याची तालुकाभर ख्याती होती. त्याने हिऱ्याचं पातं लावलं, देवीला आदराने सलाम केला, आणि पाण्याच्या धारेखाली टेंगळातून एक पाचर काढली. "वस्ताद, ग्रॅनाइटपेक्षा कडक माल आहे," तो म्हणाला. "हा कोण होता?"

"तेच बघायचंय," विलास म्हणाला.

नऊ दिवस तो बाल्कनीत घासत होता. छाया आत स्वयंपाक करताना तो घसघस आवाज ऐकत होती. नवऱ्याने घाबरून दात खायला सुरुवात केली असं तिला पहिले दोन दिवस वाटलं. दहाव्या दिवशी कापाखाली गॅस-सिलिंडरच्या तक्रारींचं सदर वाचता आलं. विलासने काच मायक्रोस्कोपखाली सरकवली.

आतून हाड मधमाश्यांच्या पोळ्यासारखं होतं. रक्ताच्या नळ्यांची भोकं दाटीवाटीने, म्हणजे लहानपणी भराभर वाढलेलं जनावर. मग रेघा. दर वर्षी कोरड्या दिवसांत वाढ थांबते, तेव्हा हाडात एक रेघ पडते. पाऊस-पाला आला की पुन्हा वाढ, पुन्हा रेघ. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे त्या वर्षाचं पोट. पहिल्या चार रेघा ऐसपैस. त्यानंतरच्या तिघी मात्र एकमेकींच्या अंगावर पडलेल्या, मधे सुईचं टोक जायचं नाही. तीन वर्षं पाऊस नाही, पाला नाही. आणि त्या तिघींना लागूनच तडा. तड्याभोवती हाडाने नुसता धुमाकूळ घातला होता. शिस्त नाही, दिशा नाही, मिळेल तिथे भर टाकलेली, मधे पू साठल्याचा पोकळ खड्डा. उपाशी जनावर, त्यात मोडलेला पाय, त्यात पू. आपण गेलो असतो, असं विलासला वाटलं. पण तड्याच्या बाहेर पुन्हा रेघा सुरू झाल्या होत्या. आधी चिकटलेल्या, मग मोकळ्या. पाऊस परत आला होता. विलासने मोजल्या. नऊ. चष्मा पुसून परत मोजल्या. नऊच.

त्याने फोटो प्राची मॅडमना पाठवले. तासाभरात फोन आला.

"घारेकाका, काप अप्रतिम आलाय. लांब मानेचं, पाला खाणारं जनावर. दुष्काळ, मोडलेलं हाड आणि नंतरची नऊ वर्षं, तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. ही एकाच कापातली मोजणी आहे, एखादी रेघ मागेपुढे होईल. पण पाय मोडल्यावर ते वर्षानुवर्षं जगलं यात शंका नाही. कुठं मिळालं हो हे?"

"देवळात. मारला कुणी, ते कळेल का?"

"हाडात ते नाही दिसत. मोडलं एवढंच दिसतं. पडलं असेल, दुसऱ्याने चिरडलं असेल. का?"

"काही नाही. माझ्यावर पाळी आहे," विलास म्हणाला आणि फोन ठेवला.

जत्रेला तीन दिवस असताना, सकाळी दहा वाजता, देवळाच्या मांडवात दोन्ही आळ्या जमल्या. आरतीच्या टेबलावर मायक्रोस्कोप, त्याच्या आरशावर ऊन. एकेकाने येऊन डोळा लावला. कुणाला बांगडी दिसली, कुणाला पोळी. प्रवीणला त्याच्या जबड्याचा एक्स-रे दिसला. चंद्राबाई मात्र बराच वेळ वाकून होती.

"ह्या तीन रेगा," ती म्हणाली, "ही उपाशी वर्सं."

"बरोबर."

"मंग चालून येनारच की तो गावावर. सांगायचं तरी, भात दिला असता."

विलासने घसा खाकरला. हे भाषण त्याने बाल्कनीत चौदा वेळा म्हटलं होतं. हा दैत्य नव्हता, झाडपाला खाणारं गरीब जनावर होतं. साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीचं.

"आमचा मूळपुरुष त्याच्याहून जुना हाय," वरच्या आळीतून कुणी तरी सांगितलं. विलासने तो मुद्दा सोडून दिला.

त्याचा पाय मोडला, तो पुढे म्हणाला, पण तो मेला नाही. हाड जुळलं, उलट जुळलेल्या जागी आधीपेक्षा जाड झालं. त्यानंतर तो नऊ वर्षं हिंडला-फिरला. म्हणजे वरच्या आळीचा घाव त्याच्या मरणाला कारण नाही. आणि त्याच संध्याकाळी गळा चिरला, हेही खरं नाही. दोन्ही आळ्यांच्या पूर्वजांचा या जनावराशी काही संबंध नाही. तेव्हा कुणी कुणाचं डोकं फोडायचं कारण उरलेलं नाही.

तो खाली बसला. कमळ्या मान डोलावत होता. त्याला पटलेलं दिसत होतं. सहा-सात क्षण विलास घारे हा पळसोंड्याच्या इतिहासातला पहिला सुरक्षित माणूस होता.

मग प्रवीण उभा राहिला. गेल्या वर्षभरात त्याने पातळ पेजेशिवाय काही खाल्लं नव्हतं, आणि विचार करायला त्याला भरपूर वेळ मिळाला होता.

"म्हंजी," तो डाव्या बाजूने म्हणाला, "वरच्या आळीचा वार फुकट गेला."

"कुनाचा फुकट गेला?" कमळ्याचा भाऊ रूपेश म्हणाला.

"तुमच्या आज्याच्या आज्याचा. नऊ वर्स तो दैत्य हिंडत व्हता, आन् तुमी हितं कुऱ्हाड धरून मान घेताव. शेवटी मारला तो आमच्यानं. नऊ वर्सांनी का व्हईना, मारला. मंग पयला दांडका तुमचा कशाचा रं? चाळीस वर्स आमी फुकाट मार खाल्ला?"

"विलासने तसं कुठं म्हटलं?" विलास म्हणाला. घाबरला की तो स्वतःला नावाने संबोधी.

पुढचं वाक्य पुरं झालं नाही. रूपेशने पितळी समई उचलली आणि ती प्रवीणला चुकवून विलासच्या कानशिलावर घातली. प्रवीणने मायक्रोस्कोप उचलला आणि रूपेशच्या नाकावर आपटला. नाक आणि भिंग एकाच आवाजात फुटले. मग कुणी कुणाची वाट पाहिली नाही. खुर्च्या फिरल्या. मांडवाचे बांबू उपटले गेले आणि मांडव दोन्ही आळ्यांवर निःपक्षपातीपणे पडला. कापडाखाली मारामारी चालूच राहिली. वरून पाहणाऱ्याला मोठं जनावर झोपेत कूस बदलतंय असं वाटलं असतं. कुणाचा तरी कान कुणाच्या तरी दातांत आला आणि परत द्यायचा राहून गेला. भजनी मंडळाचा पखवाज एकाच्या डोक्यात गळ्यापर्यंत उतरला. विलास टेबलाखाली, कापाची काच मुठीत धरून, कानातून गळणारं रक्त दुसऱ्या हाताने अडवत बसला होता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे तीन दुष्काळ त्याच्या मुठीत सुखरूप होते.

बंदोबस्ताचे दोन हवालदार नारळपाणी पिऊन येईपर्यंत अकरा जण जमिनीवर होते. चंद्राबाईने देवीची घंटा धरली आणि हात दुखेपर्यंत वाजवली.

"गप ऱ्हावा," ती म्हणाली. "हाड बोललंय. हाडाचं ऐकायचं. वरच्या आळीचा वार फुकट गेला, ह्ये मला दिसलंय, माज्या डोळ्यानं. औंदा पयला दांडका खालच्या आळीचा."

खालच्या आळीत जे उभे होते त्यांनी जल्लोष केला. विलास टेबलाखालून बाहेर आला.

"चंद्राबाई, मी म्हणत होतो की दांडकाच नको."

"तसं हाडात कुटं लिवलंय?" ती म्हणाली. "दाव."

तसं हाडात नव्हतं. विलास प्रामाणिक माणूस होता.

त्या संध्याकाळी कमळ्या शेलूला आला. तीन मजले चढून आल्यावर दारात चपला काढल्या आणि संत्री छायाकडे दिली. विलासच्या कानाला पट्टी होती.

"काका," कमळ्या सोफ्याच्या कडेवर बसत म्हणाला, "मला मार खायची सवय नाय. सात वर्सांत कुनी मारलंच नाय मला."

"मलाही मारायची सवय नाही रे."

"त्येच तर. तुमी हळू माराल. मी पडायचा नाय. मुद्दाम पडलो तर देवीला कळतं, आन् आमच्या आळीलाबी. मंग मला मारावं लागंल." त्याने विलासच्या डोक्याकडे पाहिलं, उंबर पिकलंय का पाहावं तसं. "तुमचं डोकं लई बारीक हाय, काका. त्यो नामाकाकांचा खळगा मी ल्हानपनी बगितलाय. मला झोप लागत नाय."

"मग काय करू?"

"जोरात मारा," कमळ्या म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "माज्यासाठी."

छाया संत्र्याची फोड सोलत होती. "कुठं मारायचं असा काही नियम आहे का?" तिने विचारलं.

दोघेही तिच्याकडे पाहू लागले. चाळीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. वरच्या आळीला डोकंच दिसत आलं होतं.

पुनवेला ऊन कललं तेव्हा देवळापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. कर्जतहून, खोपोलीहून, थेट नेरळहून लोक आले होते. खालची आळी मारणार ही बातमी टेंपोवाल्यांनी पसरवली होती. प्रवीण दोन दिवस विलासला शिकवत होता: डोळे मिट, शिवी दे, आणि मार. विलासने शिवी पाठ केली होती. हातातला दांडका त्याच्या खांद्याइतका उंच होता.

कमळ्या समोर उभा राहिला. गंजी काढलेली, कपाळाला गुलाल, हात मागे. चंद्राबाईने घंटा दिली.

विलासने डोळे मिटले नाहीत. एकतीस वर्षं त्याने हाडं हाताळली होती. कुठे जाड असतं, कुठे पातळ, कुठे वर फक्त कातडी असते, हे त्याच्या अंगठ्याला माहीत होतं. तो एक पाऊल बाजूला झाला, वाकला, आणि शेतात झाड आडवं तोडावं तसा दांडका कमळ्याच्या डाव्या नडगीवर घातला.

आवाज झाला. ओलं लाकूड मोडतं तसा नाही. सुकं मोडतं तसा. कमळ्याने खाली पाहिलं. त्याच्या नडगीला गुडघ्याखाली आणखी एक गुडघा आला होता आणि तिथून पांढरं टोक बाहेर डोकावत होतं. त्याने विलासकडे पाहिलं, काही तरी बरोबर झाल्यासारखी मान हलवली, आणि आडवा झाला.

क्षणभर कुणालाच काय करायचं ते सुचलं नाही. खालच्या आळीला जिंकायचा सराव नव्हता. मग ते विलासच्या अंगावर तुटून पडले. आधी त्याला वाटलं मारायलाच आले. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. कमळ्याच्या रक्तात बोट बुडवून ते नळीला लावायला त्याला पुढे केलं. बोट गरम होतं. टेंगळावर, याकूबभाईने काढलेल्या फटीशेजारी, त्याने ते ओढलं. आणि त्या वेळी, खांद्यावर, गुलालात, हलगी पोटात वाजत असताना, विलास घारे यांच्या मनात आलं की आणखी एक मारायला मिळाला असता तर बरं झालं असतं. हे त्याने छायाला कधी सांगितलं नाही. पण घरी आल्यावर तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि जेवण न वाढता आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो संत्री घेऊन कर्जतच्या एका दवाखान्यात गेला. कमळ्याचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, वर वजनाला टांगलेला. शेजारच्या खाटेवर रूपेश नाकाला बोळे लावून पडला होता आणि विलासकडे बघत नव्हता.

"बसा, काका," कमळ्या म्हणाला. "झ्याक मारलात. डाक्टर म्हनतो, एकदम साफ मोडलंय."

विलास बसला. संत्रं सोललं. "दुखतंय?"

"जरा. काका, माज्याबी हाडात रेग पडंल का?"

"गाठ येईल. मग रेघा."

"आन् कधी तरी कुनी बगंल कापून?"

"बघेल."

"त्याला काय कळंल?"

विलासने विचार केला. "पाय मोडला हे कळेल. त्या वर्षी पोटभर खात होतास हे कळेल. आणि नंतर जगलास, ते."

"तुमचं नाव नाय कळनार?"

"नाही."

"मंग बरं हाय," कमळ्या म्हणाला, आणि विलासच्या हातावर हात ठेवला. तो हात विलासच्या ताटाएवढा होता. "म्हंजी फुडल्या वर्साचंबी कुनाला कळायचं नाय."

"पुढच्या वर्षीचं काय?"

कमळ्याने दयेने त्याच्याकडे पाहिलं. "उभा ऱ्हायला त्यो फुडच्या वर्सी परत उभा, काका. मी सात वर्स का उभा व्हतो? हौस हाय का मला? तुमच्या आळीत कुनी कधी उभा ऱ्हायलाच नाय, म्हनून तुमाला ठाव नसंल."

विलासच्या हातातली फोड खाली पडली.

"आमच्या आळीनं मलाच ठरवलंय," कमळ्या म्हणाला. "पडलो तरी. वर्साला पंधरा दिस कमी असतानाच हाड भरतं म्हनं. आन् तुमीच सांगितलंत की मांडवात, जुळलेल्या जागी आदीपेक्षा जाड होतं."

बोळ्यांमागून रूपेश पहिल्यांदाच बोलला. "आन् काप टेंगळाच्या एकाच बाजूचा काडलाय त्यांनी. दुसऱ्या बाजूचाबी काडावा, असं आमची आळी म्हनती. पयला वार कुनाचा ते तितं बगू."

विलास घरी परतला. छायाने ताट वाढलं होतं, पण ती समोर बसली नाही. त्याने फोन उचलला आणि याकूबभाईला सांगितलं, की हिऱ्याचं पातं घेऊन उद्या या, आणि या खेपेला जरा रुंद फोड काढा.

पुढचे आठ दिवस बाल्कनीत घसघस चालू होती. नऊऐवजी दहावी रेघ, अकरावी रेघ, एखादा दुसरा तडा, खालच्या आळीच्या बाजूचा एखादा दुष्काळ. पहिला दांडका आपल्याकडे ठेवणारं काहीही चाललं असतं. नवव्या दिवशी त्याने काप धुऊन, पुसून, सवयीने वर्तमानपत्रावर ठेवला. तालुक्याच्या बातम्यांचं पान होतं. काळ्या हाडातून एकेक अक्षर वर येऊ लागलं. पळसोंडे येथील गावदेवीची जत्रा, त्याने वाचलं, परंपरेप्रमाणे उत्साहात व शांततेत पार पडली.

अजून थोडं घासायला हवं होतं. शेवटचा शब्द पुसट दिसत होता.